सहा फुटी रीफ टँक: पहिलीच टाकी एवढी मोठी घ्यावी का?

निळीशाई

नमस्कार मंडळी. गेली सात वर्षं गोड्या पाण्याचे मासे आणि पाणवनस्पती सांभाळतोय, आता खाऱ्या पाण्यात उतरायचं पक्कं केलंय. डोक्यात आहे ते असं: टाकी 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच, म्हणजे 680 लिटरच्या आसपास, खाली कपाटात 150 लिटरचा सम्प (उपकरणांची खालची टाकी). मासे मोजकेच, प्रवाळ भरपूर, आणि दोनेक वर्षांत ॲक्रोपोरापर्यंत, म्हणजे फांद्यांच्या नाजूक दगडी प्रवाळापर्यंत, पोचायचंय.

जिथे वाचावं तिथे हेच दिसतं की पाणी जितकं जास्त तितकं ते स्थिर, छोट्या चुका त्यात पचून जातात, म्हणून थेट मोठीच घ्यावी. पण बहीण म्हणते आधी लहान टाकी वर्षभर चालवून दाखव. तिचंही पटतं, पण मग वर्षभराने सगळं सामान पुन्हा घ्यायचं का?

तर तुम्ही काय कराल? आणि मोठीच घ्यायची झाली तर सगळ्यात आधी लक्ष कुठे घालायचं, लाइट, स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र), की आणखी काही? सविस्तर लिहा, मी सगळं वाचतोय.

फेसाळ

जागा पकडून ठेवतो. मलाही हेच विचारायचं होतं.

काचकाम

टाक्या बनवण्यातच हयात गेली, त्यामुळे माझं आधी वजनाबद्दल. खारं पाणी लिटरला साधारण 1.025 किलो भरतं, म्हणजे नुसतं पाणीच 700 किलोच्या घरात. 12 मिलिमीटर काच धरली तर रिकामी टाकी 120 किलोच्या पुढे, 15 मिलिमीटर घेतली तर दीडशे. त्यात दगड, वाळू, स्टँड, भरलेला सम्प. एक टन सहज ओलांडाल. आणि हे सगळं एक चौरस मीटरपेक्षा जरा जास्त जागेवर उभं राहणार, जिथे घराची जमीन सर्वसाधारणपणे चौरस मीटरला 200 किलोच्या हिशोबाने बांधलेली असते. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो, पण टाकी भिंतीला लागून आणि तुळईच्या जवळ हवी, खोलीच्या मध्यभागी नको. तळमजला नसेल तर बांधकामाच्या इंजिनिअरला प्रत्यक्ष आणून दाखवा, कुणाच्या अंदाजावर जाऊ नका, माझ्याही नाही.

दुसरं म्हणजे लेव्हल. स्टँड जागेवर ठेवल्यावर आणि मग टाकी अर्धी भरल्यावर, दोन्ही वेळा पाण्याची रेषा काचेच्या वरच्या कडेपासून चारही कोपऱ्यांत मोजा. सहा फुटांत दोन-तीन मिलिमीटर फरक चालून जातो. जास्त दिसला तर पाणी काढून स्टँडखाली पाचर द्यायची, टाकी आणि स्टँडच्या मध्ये कधीही नाही. मध्ये पाचर दिली की सगळा ताण काचेच्या एका बिंदूवर येतो आणि सहा महिन्यांनी मध्यरात्री शिवण सुटते.

शिंपला

माझं मत बहिणीच्या बाजूने. पाणी जास्त म्हणजे चूक हळू होते हे खरं, पण चूक सुधारायलाही तितकाच वेळ आणि तितकंच सामान लागतं हे कुणी सांगत नाही. 100 लिटरच्या टाकीत शेवाळ माजलं तर एका दुपारी दगड बाहेर काढून घासून परत ठेवता येतात. 680 लिटरमध्ये तुमचा हात मागच्या कोपऱ्याच्या तळापर्यंत पोचणारसुद्धा नाही. 10 टक्के पाणी बदलायचं म्हणजे दर वेळी 70 लिटर खारं पाणी तयार हवं, त्याला अडीच किलो मीठ, आणि ते पाणी आदल्या दिवशी आरओडीआयमधून, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून, काढून ठेवलेलं. मी तीन वर्षं 90 लिटर सांभाळली आणि मगच मोठी घेतली, आणि मोठीतल्या एकाही गोष्टीने मला गोंधळवलं नाही.

भरतीओहोटी

@शिंपला, अर्धं पटलं. लहान टाकीत शिकणं होतं पण तिच्यातलं शिकलेलं सगळंच मोठ्या टाकीला लागू पडत नाही. लहान टाकीला बहुतेक वेळा सम्पच नसतो, आणि मोठ्या टाकीतले निम्मे अपघात सम्प आणि पाइपांचे असतात. त्यामुळे निळीशाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: लाइट नाही, स्किमर नाही, आधी वीज गेल्यावर काय होईल ते बघा.

माझी गोष्ट सांगते. टाकी तुमच्याच मापाची. पहिल्यांदा भरली, पंप सुरू केला, पाणी वरून खाली खालून वर छान फिरायला लागलं, सगळे बघत बसलो. रात्री वीज गेली. रिटर्नच्या, म्हणजे सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या, पाइपचं तोंड मी पाण्याच्या पातळीखाली 8 सेंटीमीटर ठेवलं होतं, दिसायला बरं म्हणून. पंप थांबला आणि तोच पाइप उलटा चालायला लागला, वरचं पाणी ओढून सम्पमध्ये सोडायला लागला, आणि ते तोंड उघडं पडेपर्यंत थांबेना. आता हिशोब करा, टाकीचा पृष्ठभाग 183 गुणिले 61 सेंटीमीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की 11 लिटर. 8 सेंटीमीटरचे झाले जवळपास 90 लिटर. सम्पमध्ये रिकामी जागा होती 40 लिटर. बाकीचं पाणी लाकडी जमिनीत मुरलं. टाकीत एकही जीव नव्हता तेव्हा हे घडलं हेच माझं नशीब, कारण दुसऱ्याच दिवशी मी सगळं उघडून पुन्हा जोडलं.

तेव्हापासूनचा नियम. रिटर्नचं तोंड पातळीच्या एक-दीड सेंटीमीटरच खाली. पाइपला पातळीच्या जरा खाली एक बारीक छिद्र, त्यातून हवा शिरली की ओढ तुटते, पण त्या छिद्रात गोगलगाय बसते नाहीतर मीठ धरतं, म्हणून भरवसा फक्त सम्पमधल्या रिकाम्या जागेवर. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा हवा तर, पण एक दिवस त्यात शेवाळ अडकणारच असं धरून चाला. आणि मासे आणण्याआधी स्वतः हाताने दहा वेळा मेन स्विच बंद करून बघा, दर वेळी सम्पची पातळी कुठे येऊन थांबते तिथे मार्करने रेघ मारा. ती रेघ माझ्या सम्पवर अजून आहे.

निळीशाई

@भरतीओहोटी, अंगावर काटा आला वाचून. मी आराखड्यात रिटर्नचं तोंड 15 सेंटीमीटर खाली काढलं होतं!! आत्ताच खोडलं.

काचकाम

ओव्हरफ्लोचंही, म्हणजे वरचं पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या पाइपांचं, आत्ताच ठरवा, भोकं पाडून टाकी आली की मग बदल नाही. तीन पाइपांची रचना घ्या. एक पूर्ण भरून वाहणारा, त्याला गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह जुळवायचा. दुसरा उघडा, त्यातून नुसती धार. तिसरा कोरडा, संकटासाठी. पहिला तुंबला तर दुसरा उचलतो, दुसऱ्यालाही झेपलं नाही तर तिसऱ्यात पाणी पडायला लागतं आणि तो एवढा मोठ्याने आवाज करतो की झोपेतून उठाल. पहिल्या पाइपात हवा नसल्यामुळे एरवी मात्र टाकी एकदम शांत चालते.

फेसाळ

म्हणजे तिसरा पाइप हा घरातला म्हातारा, एरवी गप्प, बोलला की सगळ्यांनी धावायचं :)

उधाण

विजेचा विषय निघालाच आहे तर प्राणवायूचंही बोला. पाणी फिरायचं थांबलं की पृष्ठभागावरून हवेची देवाणघेवाण मंदावते, आणि रात्री तर प्रवाळ, शेवाळ, जिवाणू सगळेच प्राणवायू खातात, देणारं कुणी नसतं. भरलेल्या टाकीत काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. बॅटरीवर चालणारा वेवमेकर (पाणी ढवळणारा पंप) ठेवा, एकच पण पृष्ठभागाकडे तोंड करून. तेही नसेल तर बॅटरीचा साधा एअरपंप. तोही नसेल तर मग मग्याने पाणी काढून उंचावरून ओतत राहा, मी एकदा रात्री दोन ते पहाटे पाच तेच केलंय आणि एकही मासा गेला नाही.

हीटरचं पण: एक मोठा घेऊ नका, दोन लहान घ्या. थर्मोस्टॅट बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच चिकटून बसतो. एकटा मोठा हीटर टाकी शिजवून टाकेल, लहान हीटरमध्ये तेवढी ताकद नसते. वर बाहेरचा कंट्रोलर लावा, 25-26 अंशांवर.

गणिती

थोडं आकड्यांचं.

दगड-वाळूची जागा वजा करून सम्पसकट खरं पाणी 700 लिटर धरू. क्षारता 35, म्हणजे लिटरला 35 ग्रॅम. पहिल्या भरणीलाच 25 किलोच्या आसपास मीठ. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) शुद्ध पाण्यावर शून्य लावून वापरू नका, 35 च्या तयार द्रावणावर लावा, कारण आपल्याला मोजायचंय ते 35 च्या आसपासच आणि बरीच उपकरणं दोन टोकांना सारखी खरी नसतात.

आता अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, डीकेएच या एककात. समुद्रात ती साधारण 7 डीकेएच, कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम 1300 च्या जवळ. दगडी प्रवाळ हाडं बांधताना अल्कलिनिटी आणि कॅल्शियम ठरावीक प्रमाणात उचलतात, 2.8 डीकेएच गेली की सोबत साधारण 20 पीपीएम कॅल्शियम जातं. म्हणून रोज अल्कलिनिटी मोजलीत तरी पुरतं, कॅल्शियमचा अंदाज त्यातूनच येतो. तुमच्या 700 लिटरमध्ये 1 डीकेएच वाढवायला खायचा सोडा लागतो 21 ग्रॅम. हा आकडा कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा. चमच्याने अंदाजे घालणाऱ्यांचे ॲक्रोपोरा टोकाकडून पांढरे पडलेले मी पाहिलेत. 7.5 ठेवा नाहीतर 9 ठेवा, दोन्ही चालतात, पण रोज तीच ठेवा.

शिंपला

@गणिती हे शेवटचं वाक्य लाखमोलाचं. मी पहिल्या वर्षी मासिकातला आदर्श आकडा गाठायला एका दिवसात 7 वरून 9.5 वर नेली होती. तिसऱ्या दिवशी मोंटिपोरा प्रवाळाच्या बुडाकडून कातडी सुटायला लागली. आधीचा 7 हा आकडा त्या प्रवाळाला अगदी मानवला होता, मीच अस्वस्थ होते.

लव्हाळा

दगडांचं कुणी बोललं नाही अजून. समुद्रातला जिवंत दगड घ्यायचा की कोरडा? कोरड्यात नको ते पाहुणे येत नाहीत, एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) नाही, मॅन्टिस कोळंबी नाही, पण टाकी मुरायला वर्ष लागतं. जिवंत दगडासोबत शेकडो जातींचे जिवाणू, स्पंज, किडे, कोरलाइन (दगडावर चढणारं कडक जांभळं) शेवाळ सगळं येतं आणि पहिले सहा महिने खूप सुखाचे जातात. मी तीन भाग कोरडा आणि एक भाग कुणाच्या तरी जुन्या निरोगी टाकीतला, असं केलं, आणि आता विचाराल तर पुन्हा तेच करेन.

एक मात्र कळकळीने सांगतो: दगड स्वच्छ करायला कधीही उकळू नका. झोअँथस आणि पॅलिथोआ या बटणासारख्या दिसणाऱ्या प्रवाळांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं, 1971 साली हवाईतल्या नमुन्यांतून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. दगड उकळला की ते वाफेबरोबर श्वासात जातं. घरंच्या घरं दवाखान्यात पोचलीत यामुळे, कुत्री-मांजरी मेलीत. हे प्रवाळ कापतानासुद्धा हातमोजे आणि चष्मा, आणि बोटाला चीर पडलेली असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालायचाच नाही.

भरतीओहोटी

लव्हाळादादा, याला दहा वेळा अनुमोदन. आणि दगडावरून आठवलं, हा सगळा छंदच मुळात दगडावर उभा आहे. 1961 साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहिलं होतं की त्यांच्या टाक्यांत फिल्टर वगैरे काही नाही, समुद्रातले जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर प्रवाळ जगतायत. तेव्हा लोक प्रवाळाचे वाळलेले सांगाडे सजावट म्हणून ठेवायचे आणि दर महिन्याला ब्लीचने धुवायचे! पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी, डिट्रिश श्ट्यूबर आणि मंडळींनी, त्यात दणकट स्किमर आणि जोरदार लाइटची भर घातली, आणि आजही आपण करतोय ते बऱ्यापैकी तेच. म्हणून स्किमरवरून आणि लाइटवरून भांडण्याआधी दगडावर जीव लावा. रचताना कमानी आणि पोकळ्या ठेवा, मागच्या काचेला दगड टेकवू नका, चारही बाजूंनी पाणी फिरलं पाहिजे आणि काच घासायचं चुंबक जाईल एवढी फट हवी.

अबोली२

मुलाने टाकीचं नाव ऐकल्यापासून एकच लावून धरलंय, निळा डोरी मासा. 6 फुटांत चालेल का? (टाकी माझी नाही, पण आमच्याकडे 4 फुटी येणार आहे.)

उधाण

अबोलीताई, 4 फुटांत नको. दुकानात तो बोटाएवढा दिसतो पण वाढून 30 सेंटीमीटर होतो, आणि तो दिवसभर लांब लांब पल्ले मारणारा मासा आहे. लहान टाकीत घाबरट होतो आणि डोरीसारख्या टँग जातीला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आधीच पटकन धरतो. मुलाला क्लाउनफिश द्या. समुद्रातून पकडलेले नाही, पाळलेल्या जोडप्यांपासूनच जन्मलेले मिळतात, 15-20 वर्षंही जगू शकतात, आणि मुलाला सांगा की हे सगळे जन्मतात ते नर म्हणून, जोडीतला मोठा आणि दांडगा असतो तो मादी होतो, ती गेली की उरलेला नर तिची जागा घेतो. माझ्या भाचीने शाळेत हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना.

आता रोगाचा विषय निघाला आहे म्हणून निळीशाईंसाठी. क्वारंटाइन टाकी मोठ्या टाकीच्या आधी घ्या. क्रिप्टोकॅरियॉन, म्हणजे या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी, एकदा मुख्य टाकीत शिरला की तिथे औषध घालता येत नाही, कारण त्याला मारणारं तांबं प्रवाळ आणि कोळंब्यांनाही मारतं. मग उरतं काय, तर सगळे मासे पकडून बाहेर काढायचे आणि टाकी 76 दिवस माशांविना ठेवायची, म्हणजे आत राहिलेल्या परजीवीला यजमानच मिळत नाही. सहा फुटांच्या दगडांतून मासा पकडणं म्हणजे सगळी रचना मोडणं. माझ्या एका रॅस माशाने मला चार दिवस दमवलं. साधी 80 लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे, बास.

लव्हाळा

आणि प्रवाळाच्या बुडाशी जो प्लग, म्हणजे छोटी बैठक, येतो त्यावरही त्या परजीवीची अंडीसारखी पुटकुळी चिकटून येऊ शकते, फक्त माशांचं क्वारंटाइन करून भागत नाही. प्लग काढून टाका, प्रवाळ नवीन प्लगला सुपरग्लू जेलने लावा.

पाणकोळी

माफ करा, वातावरण बिघडवायचं नाहीये, पण मनातलं विचारतो. जगभरचे प्रवाळ पांढरे पडतायत, 2024 च्या एप्रिलमध्ये चौथी जागतिक ब्लीचिंगची घटना जाहीर झाली, आणि आपण ते समुद्रातून उचलून बैठकीत आणायचे? हे मला अजून पटवून घेता आलेलं नाही.

भरतीओहोटी

पाणकोळी, विचारलंत ते बरं केलंत. मी माझ्यापुरतं ठरवलंय: समुद्रातून तोडलेला प्रवाळ घ्यायचाच नाही. ॲक्रोपोराची एक फांदी तोडून प्लगवर लावली की वर्षा-दोन वर्षांत झुडूप होतं, त्यातली फांदी दुसऱ्याला द्यायची. माझ्या टाकीतला एकही तुकडा समुद्रातून थेट आलेला नाही, सगळे कुणाच्या तरी टाकीतून. सगळे दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे सीमेपलीकडून येणाऱ्या प्रत्येकाला कागद लागतो. आपापल्या देशाचा कायदा काय म्हणतो तेही आधी बघायचं, काही ठिकाणी प्रवाळ बाळगणंच गुन्हा आहे, आणि विकणारा कागद दाखवत नसेल तर तिथून निघायचं.

माशांचंही बदलतंय. पिवळा टँग 2015 मध्ये हवाईत पहिल्यांदा पैदाशीतून वाढवला गेला, निळा टँग 2016 मध्ये फ्लोरिडात. सायनाइड मारून पकडलेला मासा घेण्यापेक्षा हा घ्यावा, जरा थांबावं लागलं तरी.

आणि टाकीत शिकलेलं समुद्राच्या उपयोगाचं पडतं. 2019 मध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियमच्या लोकांनी अटलांटिकमधल्या पिलर प्रवाळाला बंद टाकीत अंडी घालायला लावलं, सूर्योदय, सूर्यास्त, चंद्राच्या कला, पाण्याचं तापमान सगळं वर्षभर हुबेहूब देऊन. ती साधनं म्हणजे आपलेच एलईडी, कंट्रोलर आणि चिलर.

पाणकोळी

तुकडे वाटून वाढवायचं हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. हे पटण्यासारखं आहे. तरी नवीन माणसाने मरणारं झाड आणल्यासारखं दर महिन्याला नवीन प्रवाळ आणून मारू नये, एवढं मात्र म्हणेन.

गणिती

त्यासाठीच सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढणं, पूर्ण होईपर्यंत थांबायचं. अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत न्यायचा, जिवाणूंची बाटली घाला नाहीतर जुन्या टाकीतला दगड. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. 24 तासांत 2 पीपीएम अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की पहिला टप्पा झाला, साधारण चार ते सहा आठवडे. नंतर तपकिरी डायटम येतील, मग हिरवं केसाळ शेवाळ, कधी लालसर सायनो. घाबरून रसायनं ओतायची नाहीत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं केलेल्या टाक्या सहाव्या महिन्यात विकायला निघतात.

शिंपला

@गणिती, एक भर घालते. लोक नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य करायच्या मागे लागतात. शून्य झालं की डायनोफ्लॅजेलेट्स येतात, तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, दिवसा वाढतात रात्री विरतात, आणि गोगलगायी ते खाऊन मरतात. मी स्किमर, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे दाणे), पाणी बदल सगळं जोरात चालवून स्वतः ओढवून घेतले होते. मग खाणं वाढवलं, नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 वर आणून ठेवलं, दिवे तीन दिवस बंद, पाण्याला यूव्ही दिवा लावला, दोन महिन्यांनी गेले.

काचकाम

मीही तेच म्हणतो पण दुसऱ्या कारणाने. फिकट पडलेले प्रवाळ बघून लोक लाइट वाढवतात, आणि मुळात ते उपाशी असतात.

उधाण

लाइटचं थोडक्यात. मऊ आणि मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांना 50 ते 150 पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) पुरतो, ॲक्रोपोराला 200 ते 350. पार मीटर कुणाकडून मागून आणा, एक दिवसाचं काम आहे, दगडावर जागोजागी मोजून चित्र काढून ठेवा. नवीन लाइट 40 टक्क्यांवर सुरू करून महिनाभरात चढवायचा. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याचं बरंचसं अन्न बनवतं, एकदम उजेड मारला तर प्रवाळ त्यालाच बाहेर काढून टाकतो आणि पांढरा पडतो.

सागरगोटा

सगळ्यांनी सगळं सांगितलंय, माझं फक्त टॉप-ऑफचं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, त्यामुळे भर घालायची ती नेहमी गोड्या आरओडीआय पाण्याची. सहा फुटी टाकीवर पंखे लावले तर दिवसाला 7-8 लिटर सहज उडतं, थंडावा त्यामुळेच येतो. मी ऑटो टॉप-ऑफला 60 लिटरची टाकी जोडली, म्हणजे आठवडाभर बघायला नको. फ्लोट स्विचखाली एक छोटी गोगलगाय शिरून बसली आणि तो वर उचललाच जाईना. पंपाला वाटलं पाणी कमी आहे. रात्रभरात सगळं 60 लिटर आत, क्षारता 35 वरून 32 च्या जवळ. सकाळी सगळे प्रवाळ मिटलेले, युफिलिया प्रवाळ तर पिशवी रिकामी केल्यासारखा सांगाड्यात गेलेला. दोन दिवसांत हळूहळू खारं पाणी घालून वर आणलं, वाचले बहुतेक. आता दोन सेन्सर आहेत, वेगवेगळ्या प्रकारचे, आणि टॉप-ऑफची टाकी फक्त 15 लिटरची. रोज बघावं लागतं, आणि रोज बघतो म्हणून बाकीचंही लक्षात येतं.

फेसाळ

गोगलगाय विरुद्ध मानव, या धाग्यात गोगलगायी 3 मानव 0. एक पाइपात, एक फ्लोटखाली, आणि काहींनी डायनो खाऊन जीव दिला.

सागरगोटा

:D तरी पण माझ्याकडे 40 आहेत आणि त्यांच्याशिवाय काच दिसणार नाही.

निळीशाई

मंडळी, पाच महिने गायब होतो, क्षमस्व. इथलं सगळं छापून कपाटाला लावलंय.

मोठीच घेतली. पण बहिणीचंही ऐकलं, क्वारंटाइनची 80 लिटरची टाकी आधी मांडली आणि दीड महिना तिच्यातच मीठ मिसळणं, मोजणं, पाणी बदलणं असं सगळं गिरवलं. म्हणजे उधाण म्हणाले ते आणि शिंपलाताई म्हणाल्या ते एकाच टाकीत झालं. इंजिनिअरने टाकी दुसऱ्या भिंतीला हलवायला लावली, काचकामकाका, तुमच्यामुळे बोलावला त्याला.

वीज बंद करायची परीक्षा अकरा वेळा घेतली. तिसऱ्या वेळी पाणी सम्पच्या कडेपासून दोन बोटांवर आलं, म्हणून सम्पची चालू पातळी 4 सेंटीमीटर खाली घेतली. मार्करची रेघ आहे.

दगड तीन भाग कोरडा, एक भाग जुन्या टाकीतला. सायकलला 38 दिवस लागले. मग डायटम, मग केसाळ शेवाळ, अगदी सांगितलं त्या क्रमाने, त्यामुळे घाबरलो नाही. आत्ता आत दोन क्लाउनफिश, एक पिवळा टँग पैदाशीतला, 30 गोगलगायी, आणि दोन मऊ प्रवाळ एका मित्राच्या टाकीतले. दगडी प्रवाळ अजून एकही नाही.

काल रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसलो. काचेवर पांढरे ठिपके सरकत होते, जवळ जाऊन बघितलं तर कोपेपॉड, म्हणजे इवले कवचधारी जीव, शेकड्याने, झटके देत पळणारे. आणि रिटर्नच्या तोंडाजवळ, ज्या दगडावर आजवर फक्त तपकिरी होतं तिथे, टाचणीच्या डोक्याएवढा जांभळा ठिपका. खरवडून बघितलं नखाने, निघत नाही. कोरलाइन आहे ना हा?

भरतीओहोटी

निघत नाही आणि कडक लागतोय, म्हणजे कोरलाइनच. आता तो अल्कलिनिटी खायला लागेल, आजपासून रोज मोजायला घ्या.

गणिती

21 ग्रॅम. दाराच्या आत लिहिलंय ना?

निळीशाई

लिहिलंय. आज 8.1 आली. उद्या याच वेळी पुन्हा मोजतो.

अबोली२

ठिपक्याचा फोटो टाका ना!